आज्ञावलीचा पहिला पाठ

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० या धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी संगणकाच्या आज्ञावली-लेखनाचे, म्हणजेच रूढ भाषेत कोडिंगचे, उपक्रम सुचविण्यात आले आहेत. शहरातील सधन पालक आपल्या पाल्यासाठी यासाठी खाजगी वर्ग लावू शकतात. वाडीवस्तीवरील मुलाला मात्र शाळा हाच एकमेव आधार असतो. म्हणून या विषयाचे यशापयश प्रामुख्याने शिक्षकावर अवलंबून राहणार आहे, आणि भाषा, गणित वा इतिहास शिकविण्यात हयात घालविलेल्या बहुसंख्य शिक्षकांनी स्वतः कधी आज्ञावली लिहिलेली नाही. जे आपणास येत नाही ते विद्यार्थ्यांना कसे शिकवावे, ही त्यांची अडचण खरी आहे. तथापि ती दुर्लंघ्य नाही.

हाताळणे आणि घडविणे

राज्यात २००१ पासून सुरू झालेल्या एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रमामुळे असंख्य शिक्षकांना संगणक हाताळता येऊ लागला. पत्र टंकलिखित करणे, तक्ता तयार करणे, माहिती पाठविणे ही कामे आता सरावाची झाली आहेत. परंतु यंत्र हाताळणे निराळे आणि आपल्याला हवे ते काम यंत्राकडून करवून घेणे निराळे. त्यासाठी कामाचे लहान लहान टप्पे पाडावे लागतात, त्यांचा क्रम ठरवावा लागतो आणि प्रत्येक आज्ञा निःसंदिग्ध शब्दांत द्यावी लागते.

माणूस अर्धवट सूचनेचाही अर्थ लावून घेतो. संगणक तसे करीत नाही. ‘ध’चा ‘मा’ झाल्याने केवढा अनर्थ ओढवला, ही पेशवाईतील आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. आज्ञेतील एका अक्षराचे मोल काय, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्यास याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही.

मागील अनुभव

शालेय मुलांना आज्ञावली शिकविण्याचा विचार नवा नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पेपर्ट, वॉली फॉयरझाइग व सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्यासमवेत काम केलेल्या पेपर्ट यांची धारणा अशी होती, की मूल स्वतः काही घडविताना उत्तम शिकते. पुढे या भाषेला एका यांत्रिक कासवाची जोड मिळाली. मुलांनी आज्ञा द्यावी आणि कासवाने चालत जाऊन जमिनीवर आकृती काढावी, अशी ही योजना होती.

भारतात १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने ‘क्लास’ नावाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला आणि प्रारंभी सुमारे २५० शाळांना ब्रिटिश बनावटीचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक दिले. संगणकाविषयीचे भय दूर व्हावे आणि त्याच्या उपयोगांची तोंडओळख व्हावी, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. तोंडओळख ही पहिली पायरी होय. आता अपेक्षा आहे ती दुसऱ्या पायरीची.

अंगणातील कासव

या दुसऱ्या पायरीचा आरंभ संगणकाविनाही करता येतो. शाळेच्या अंगणात एका विद्यार्थ्याला ‘कासव’ करावे. त्याच्या हाती खडू द्यावा व चालताना त्याने मागे रेघ ओढीत जावे. दुसऱ्याने फक्त दोन प्रकारच्या आज्ञा द्याव्यात : ‘पुढे इतकी पावले’ आणि ‘उजवीकडे इतके अंश’. ‘पुढे १०, उजवीकडे ९०’ ही जोडी चार वेळा दिली की चौरस पूर्ण होतो. एकच जोडी पुनःपुन्हा सांगण्याऐवजी ‘हे चार वेळा कर’ असे म्हणता येईल, हे मुलांच्याच ध्यानात येते. आज्ञावलीतील पुनरावृत्तीचे तत्त्व ते हेच.

यानंतर समभुज त्रिकोण काढण्यास सांगावे. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे पाठ असल्याने मुले बहुधा ‘उजवीकडे ६०’ असे सांगतात. तीन बाजू होतात, पण आकृती मिटत नाही. शिक्षकाने येथे उत्तर सांगू नये. कासवाला तसेच चालू द्यावे. सहा बाजू झाल्यावर ते मूळ जागी परतते व षट्‌कोन तयार होतो. कासव आतील कोनातून वळत नसून बाहेरील कोनातून वळते, म्हणून १८० उणे ६०, म्हणजे १२० अंश वळावयास हवे, हा उलगडा मुलांनी चर्चेतून करावा. ९० चोक, १२० त्रिक आणि ६० सक, प्रत्येक गुणाकार ३६०! भूमितीच्या पुस्तकातील नियम असा पायाखाली सापडतो.

न्यूझीलंडचे टिम बेल आणि त्यांचे सहकारी इयन विटन व मायकेल फेलोज यांनी १९९० च्या दशकात संगणकाविना संगणकशास्त्र शिकविणारे अनेक खेळ लोकप्रिय केले. त्यांपैकी एकासाठी १, २, ४, ८ व १६ ठिपक्यांची पाच कार्डे पुरतात. १९ हा आकडा दाखविण्यासाठी १६, २ व १ ही कार्डे उघडी ठेवावीत, उरलेली पालथी. या पाच कार्डांतून शून्यापासून ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या दाखविता येते. अर्थात वर्गातील प्रत्येकाच्या जन्माची तारीख त्यांत मावते. संगणक सर्व माहिती केवळ दोन चिन्हांत कशी साठवितो, हे मुलांना त्यावरून कळते.

चुकीचे स्थान

वहीतील गणितावर लाल शाईची फुली पडली की विद्यार्थ्याच्या लेखी ते प्रकरण संपते. आज्ञावली-लेखनात मात्र खरे काम चुकीपासून सुरू होते. आज्ञा क्रमाने वाचून दोष कोठे आहे ते शोधणे आणि पुन्हा चालवून पाहणे, हा या विषयाचा गाभा होय. म्हणूनच ज्या शिक्षकाला उत्तर आधी ठाऊक नाही तोही हा विषय शिकवू शकतो. ‘चला, शोधून पाहू’ असे म्हणण्याची तयारी मात्र हवी. वर्गापुढे शिकणारा शिक्षक उभा राहिला तर त्याचा मान उणावत नाही. शिकावे कसे, याचा वस्तुपाठ विद्यार्थ्यांना मिळतो.

साधने आणि सहकार्य

अंगणातील खेळ अंगवळणी पडल्यावर संगणकाकडे वळावे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने २००७ मध्ये उपलब्ध करून दिलेले ‘स्क्रॅच’ विनामूल्य आहे. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांस जोडावयाचे असतात आणि एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेटविनाही काम चालते. एकच संगणक असल्यास तीन-चार विद्यार्थ्यांचे गट करावेत. एकाने आज्ञा सुचवावी, दुसऱ्याने ती चालवावी, तिसऱ्याने दोष टिपावा आणि दर दहा मिनिटांनी कामे बदलावीत. यंत्र धीट मुलांच्याच हाती राहून मुली व लाजरी मुले केवळ प्रेक्षक होऊ नयेत, याची दक्षता शिक्षकाने घ्यावी.

वीज बिल थकल्याने जोडणी तुटलेली असेल, अथवा किरकोळ दुरुस्तीअभावी संगणक कपाटात बंद असेल, तर शिक्षकाचा उत्साह फार काळ टिकणार नाही. ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती यांनी या दोन बाबींकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेत अशा पाठासाठी एखादा तास राखून ठेवावा. एका शाळेत जमलेला आणि फसलेला, असे दोन्ही पाठ तेथे मांडले गेले तर शेजारच्या शाळेचे श्रम वाचतील.

प्रत्येक विद्यार्थी पुढे संगणकतज्ज्ञ होणार नाही. तशी अपेक्षाही नाही. परंतु मोठे काम लहान टप्प्यांत विभागणे, नेमके बोलणे आणि चूक झाल्यास न डगमगता तिचा माग काढणे, या सवयी शेतीत, कारखान्यात, कार्यालयात, कोठेही उपयोगी पडतील. त्यांचा आरंभ करण्यास आज शाळेत असलेला खडू आणि अंगण पुरेसे आहे.