घटक ४ : स्थलांतरित पूर्वजांचा शोध – नाव, गाव आणि नोंद

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• स्थलांतरित कुटुंबाची वंशावळ लावताना कोणती साधने वापरतात, हे सांगता येईल.
• मॉरिशसमधील मराठी कुटुंबांच्या उदाहरणावरून शोधाचा क्रम स्पष्ट करता येईल.
• व्यक्तिनाम, आडनाव व ग्रामनाम यांचा पुरावा म्हणून उपयोग आणि त्याच्या मर्यादा ओळखता येतील.
• दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत किंवा नाहीत, हे ठरवण्याचे निकष लावता येतील.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पुणे शहराच्या नैर्ऋत्येला असलेली धायरी ही हवेली तालुक्यातील जुनी वस्ती. २०१७ मध्ये ती पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. आज तेथील एखाद्या इमारतीच्या नामफलकावर कोकणातील, साताऱ्याकडील, मराठवाड्यातील आणि खुद्द धायरीतील आडनावे एकाखाली एक वाचावयास मिळतात. या सर्व कुटुंबांचा पत्ता आज एकच असला, तरी त्यांच्या पूर्वजांच्या नोंदी मात्र एका ठिकाणी नाहीत. मूळच्या धायरीकराच्या पणजोबांची नोंद धायरीच्या महसुली दप्तरात शोधावी लागेल. शेजारच्या घरातील कोकणी कुटुंबासाठी ते दप्तर निरुपयोगी ठरेल.

यावरून वंशावळ-संशोधनातील पहिले सूत्र हाती येते : माणूस स्थलांतर करतो, नोंद करीत नाही. जन्म, विवाह, वारसा, मृत्यू यांपैकी जी घटना जेथे घडली, तेथेच तिची नोंद राहते. म्हणून स्थलांतरिताचा शोध म्हणजे त्याच्या मुक्कामांचा उलट्या क्रमाने केलेला प्रवास होय. हा प्रवास जिल्ह्यांपुरता असेल किंवा समुद्रापलीकडचा असेल. पद्धत तीच राहते. ती नीट समजावी म्हणून या घटकात मॉरिशसमधील मराठी समाजाचे उदाहरण घेतले आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ मॉरिशसमधील मराठी समाज

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाल्यानंतर मॉरिशसमधील उसाच्या मळ्यांना मजुरांची गरज भासू लागली. १८३४ पासून करारबद्ध मजूर तेथे नेले जाऊ लागले. १८३४ ते १९२० या काळात जवळपास ५ लाख मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. त्यांतील बहुसंख्य भारतीय होते. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून त्यांची जहाजे सुटत. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी व आसपासच्या प्रदेशातील मराठी भाषकांचा मोठा भरणा होता. ज्या ठिकाणी हे मजूर उतरत, ती वास्तू आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखली जाते. २००६ मध्ये तिचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

या मजुरांच्या वंशजांनी गणेशोत्सव जपला, तसेच कोकणातील जाखडीशी नाते सांगणारी ‘झाकरी’ही जपली. समाज कोणत्या प्रदेशातून आला, याचा हा चांगला सांस्कृतिक पुरावा आहे. परंतु समाजाचा प्रदेश कळणे आणि एका कुटुंबाचे गाव कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ कागदपत्रेच देऊ शकतात.

४.२.२ मॉरिशसकडील साधने

मॉरिशसमध्ये उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक दिला जाई. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे नाव, वडिलांचे नाव, वय, जात, गाव, जिल्हा, जहाज, आगमनाची तारीख इत्यादी तपशील लिहिले जात. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही घेतली जाऊ लागली. या नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत.

या सर्व तपशिलांत क्रमांकाचे महत्त्व सर्वाधिक आहे. ‘रामा’ नावाचे मजूर अनेक होते. नाव प्रत्येक कारकुनाने निरनिराळे लिहिले, वय अंदाजाने सांगितले गेले. क्रमांक मात्र विवाह, मृत्यू अशा पुढील अनेक नोंदींतही त्या व्यक्तीची ओळख पटवतो. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्याकडील घराण्यांच्या वंशावळींत स्त्रियांची नावे बहुधा गाळलेली असतात. वसाहतीच्या नोंदवहीत मात्र स्त्रीलाही स्वतंत्र क्रमांक होता. त्यामागे आदराची भावना नव्हती, मजुरांवर नियंत्रण ठेवण्याची गरज होती. तरीही त्यामुळेच अनेक पणज्यांचा शोध आज शक्य होतो.

४.२.३ नावाचे रूपांतर

मराठीच्या अभ्यासकाला येथे विशेष काम आहे. मराठी मजूर आपले नाव उच्चारी आणि परभाषक कारकून ते ऐकून रोमन लिपीत लिही. ‘ळ’, ‘ण’, ‘ठ’ यांसाठी त्या लिपीत स्वतंत्र अक्षरे नसल्याने हे भेद नोंदीत पुसले गेले. शिवाय पहिल्या पिढीतील माणसाचे स्वतःचे नाव किंवा त्याच्या वडिलांचे नाव हेच पुष्कळदा पुढील पिढ्यांचे आडनाव बनले. त्यामुळे आजच्या मॉरिशियन आडनावावरून रत्नागिरीतील एखादे आडनाव थेट ओळखू पाहणे धोक्याचे आहे. ते मुळात आडनाव नसून एखाद्या पूर्वजाचे व्यक्तिनाम असू शकते.

हा अनुभव केवळ आपला नाही. १८२५ मध्ये ‘रेस्टोरेशन’ या जहाजातून नॉर्वेतील स्टाव्हांगरहून काही कुटुंबे अमेरिकेला गेली आणि पुढील शतकात लक्षावधी नॉर्वेजियन त्यांच्या मागे गेले. त्या काळी नॉर्वेच्या ग्रामीण भागात स्थिर आडनाव नसे. पेडरचा मुलगा ‘पेडरसेन’, मुलगी ‘पेडर्सडाटर’. आणि त्यापुढे राहत्या शेतवाडीचे नाव. वाडी बदलली की हे शेवटचे नावही बदले. अमेरिकेत कोणी पितृनाम ठेवले, कोणी वाडीचे नाव ठेवले. त्यामुळे सख्ख्या भावांची आडनावेही वेगळी झाली. नॉर्वेत वंशपरंपरागत आडनाव कायद्याने सक्तीचे झाले, ते १९२३ मध्ये. म्हणूनच नॉर्वेजियन वंशजांना आडनावापेक्षा वाडीचा शोध अधिक उपयोगी पडतो. वाडीवार कुटुंबांची माहिती देणारे ग्रामग्रंथ तेथे त्यासाठीच वापरले जातात.

मराठीतील ‘-कर’ प्रत्ययान्त आडनावे या वाडीनामांना जवळची आहेत. चाकणमध्ये राहणाऱ्या सगळ्यांनाच ‘चाकणकर’ म्हणण्यात अर्थ नसतो. चाकण सोडून अन्यत्र गेलेल्याला लोक तसे म्हणतात. म्हणजे हे आडनाव गावाचे असले, तरी ते बहुधा गाव सोडल्यानंतर मिळालेले असते. ते दिशा दाखवते. पण ते गाव किती पिढ्यांपूर्वी सुटले, हे सांगत नाही.

४.२.४ महाराष्ट्राकडील साधने

गावाचे नाव हाती आल्यावर पुढील साधने तपासावीत.

१. महसुली कागदपत्रे : सातबारा, फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा, आणि वारस नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा-क. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांची नावे लागतात, म्हणून पिढ्यांचा परस्परसंबंध येथे स्पष्ट दिसतो. भूमिहीन कुटुंबांची माहिती मात्र येथे मिळण्याचा संभव कमी, आणि मजूर म्हणून परदेशी गेलेल्यांत अशी कुटुंबे पुष्कळ होती.

२. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या : गावपातळीवरील जुन्या नोंदवहीला ‘कोतवाल बुक’ म्हणतात.

३. शाळेचे जनरल रजिस्टर : यात विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मतारीख व जन्मस्थान आढळते.

४. तीर्थोपाध्यायांच्या वह्या : नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील उपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यांची नावे लिहिलेल्या वह्या असतात.

जुनी कागदपत्रे बहुधा मोडी लिपीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही व शब्द सलग लिहिले जातात. त्यामुळे नाव कोठे संपले आणि वडिलांचे नाव कोठे सुरू झाले, हे संदर्भाने ठरवावे लागते. कालगणनेकडेही लक्ष द्यावे. शालिवाहन शकात ७८ किंवा ७९, दख्खनी फसली सनात ५९० किंवा ५९१, तर शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले असता इसवी सन येतो.

जिल्ह्यांच्या सीमा बदललेल्या असतात, हेही विसरू नये. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ पूर्वी रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता. म्हणून एकोणिसाव्या शतकातील नोंदीत ‘रत्नागिरी’ असले, तरी गाव मालवणच्या बाजूला असू शकते.

४.२.५ ओळख पटवण्याचे निकष

एक काल्पनिक उदाहरण पाहू. समजा, मॉरिशसच्या नोंदवहीत ‘रामा, वडील गोविंद, गाव आंबेगाव, जिल्हा पुणे’ अशी नोंद मिळाली. धायरीच्या शेजारी आंबेगाव खुर्द व आंबेगाव बुद्रुक अशी दोन गावे आहेत. शिवाय पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात आंबेगाव नावाचा तालुका आहे. आता आंबेगाव बुद्रुकच्या जुन्या कागदात ‘रामा बिन गोविंद’ असे नाव सापडले, तर शोध संपला का? नाही. रामा आणि गोविंद ही दोन्ही नावे सर्वत्र आढळणारी आहेत आणि गावही निश्चित नाही. त्या कागदातील रामा मॉरिशसची नोंद झाल्यानंतरही गावात खंड भरत असल्याचे दिसले, तर तो आपला रामा असण्याची शक्यता जवळजवळ उरतच नाही. याउलट त्याच्या भावाचे नाव मॉरिशसमधील एखाद्या नोंदीत आले असेल, वयाचा मेळ बसत असेल आणि गावच्या कागदात तो परागंदा झाल्याचा उल्लेख असेल, तर निष्कर्षाला बळ येते.

तेव्हा केवळ नावाच्या साम्यावर विसंबू नये. नाव, नातेसंबंध, स्थळ आणि काळ ही चारही अंगे तपासावीत. त्यांपैकी एकही विरोधात जात असेल, तर त्या विरोधाचे स्पष्टीकरण मिळेपर्यंत निष्कर्ष राखून ठेवावा.

या दक्षतेला व्यावहारिक कारणही आहे. मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपतींनी मॉरिशस भेटीत, तेथील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या व्यक्तींना भारताचे परदेशस्थ नागरिकत्व मिळण्याची विशेष तरतूद जाहीर केली. महाराष्ट्रातही जातविषयक दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधल्या जातात. अशा वेळी चुकीने जोडलेला एक दुवा पुढील सर्व पिढ्यांच्या कागदांत उतरतो. आणि व्यवहाराच्याही पलीकडे पाहावे. सहा पिढ्यांनंतर कोणी वंशज एखाद्या गावच्या वेशीवर येऊन उभा राहतो, तेव्हा ते गाव त्याचेच असावे, एवढी जबाबदारी संशोधकावर असते.

४.३ सारांश

नोंद घटनास्थळी राहते, म्हणून शोध ज्ञाताकडून अज्ञाताकडे, आजच्या पिढीकडून मागे न्यावा. स्थलांतरात नाव सर्वांत आधी बदलते. क्रमांक, नातेसंबंध व गाव अधिक विश्वसनीय ठरतात. नामसाम्य हा शोधाचा आरंभ आहे, निष्कर्ष नव्हे. पुरावा अपुरा असल्यास वंशावळीतील जागा रिकामी ठेवणे हेच शास्त्रशुद्ध होय.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मॉरिशसच्या नोंदींत मजुराच्या नावापेक्षा क्रमांक अधिक उपयुक्त का ठरतो?
२. ‘-कर’ प्रत्ययान्त आडनावावरून कोणता निष्कर्ष काढता येतो आणि कोणता काढता येत नाही?
३. फसली सन १३०० म्हणजे इसवी सन कोणता?

उत्तरे : १. नाव अनेकांचे सारखे असते व लेखनात बदलते. क्रमांक एकाच व्यक्तीचा असून पुढील नोंदींतही आढळतो. २. कुटुंबाचा त्या गावाशी पूर्वी संबंध असावा, असे म्हणता येते. स्थलांतराचा काळ सांगता येत नाही. ३. १८९० किंवा १८९१.

४.५ क्षेत्रीय कार्य

तुमच्या कुटुंबातील किंवा परिचयातील एका स्थलांतरित कुटुंबाच्या तीन पिढ्यांची वंशावळ तयार करा. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या नोंदीवरून घेतले, ती नोंद कोठे आहे आणि कोणती माहिती केवळ तोंडी आहे, हे स्वतंत्र रकान्यांत लिहा. स्त्रियांची नावे व त्यांची माहेरची गावे अवश्य नोंदवा. हयात व्यक्तींची माहिती त्यांच्या संमतीशिवाय अहवालात देऊ नका.