बायबल अक्षरशः वाचावे काय?



सुट्टीत नाशिक-पुण्याहून घरी आलेल्या आपल्या मुलामुलींनी युवा सभेत एक प्रश्न काढला आणि वेळेअभावी तो अर्धवट राहिला, म्हणून त्यावर लिहितो. होस्टेलमधले मित्र त्यांना म्हणतात, "सहा दिवसांत जग झाले असे मानायचे, तर सायन्स कशाला घेतलेस?" गावी आल्यावर उलट ऐकू येते: "बायबलातले अक्षर न् अक्षर जसेच्या तसे मानत नाहीस, म्हणजे तुझा विश्वास कच्चा." बिचारी मुले दोन्हीकडून मार खातात. एका मुलीने तर नेमके बोट ठेवले. "फादर, आदाम-हव्वेची गोष्ट ही गोष्ट असेल, तर ईस्टरही गोष्टच का?"

असले वाद आपल्या महाराष्ट्राला नवे नाहीत. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि प्रॉटेस्टंट मिशनरी यांची जाहीर वादसभा आठवड्यामागून आठवडे चालली होती. विष्णुबुवा मूळचे कुलाब्याकडचे, आडनाव गोखले. आपल्याकडून चैत्रात लोक पायी सप्तशृंगी गडावर जातात, त्याच गडावर त्यांनी तप केले होते. समोर अमेरिकन मिशनचे जॉर्ज बोवेन. ऐकायला मोठी गर्दी. त्याच वर्षी उत्तरेत बंड पेटले आणि सभा बंद पडल्या. पुढे दोन्ही बाजूंचे वृत्तांत छापले गेले. वाद कोणी जिंकला हे तुम्ही कोणाचे पुस्तक वाचता त्यावर ठरते!

त्या काळच्या या वादांत एक खोड दोन्हीकडे दिसते. मिशनरी पुराणांतल्या कथा अगदी शब्दशः घेत आणि त्यांतली विसंगती दाखवून हसत. मग समोरचा तोच गज घेऊन बायबल मोजायला बसे. दुसऱ्याचा ग्रंथ कसा वाचावा हे आपण ठरवले, की आपलाही तसाच वाचला जाणार, यात तक्रार कसली?

पण मला बोवेन आठवतात ते वेगळ्या कारणाने. हा माणूस तरुणपणी स्वतः अश्रद्ध होता. ज्या तरुणीवर त्यांचे प्रेम होते ती १८४४ साली आजारात वारली आणि जाताना आपले बायबल त्यांच्यासाठी ठेवून गेली. ते बायबल ते वाचू लागले. ख्रिस्ती श्रद्धेच्या बाजूने युक्तिवाद करणारे एक पुस्तकही मधे हाती पडले, त्याचाही उपयोग झाला. म्हणजे तर्काचे काम नव्हतेच असे नाही. (तत्त्वज्ञान शिकलेला माणूस असे म्हणू तरी कसा?) पण कोणी वादात हरवले म्हणून ते श्रद्धेकडे वळले नाहीत. १८४८ साली ते मुंबईला आले, पुढे मिशनचा पगारही नाकारला आणि १८८८ साली मरेपर्यंत गरिबीत राहिले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरी गेल्यावर उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय लागोपाठ वाचा. पहिल्यात झाडे, पशू आणि शेवटी माणूस. दुसऱ्यात माणूस आधी घडतो, मग बाग लावली जाते, मग प्राणी त्याच्यापुढे आणले जातात. शिवाय पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो, मग आधीच्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशाने झाली? हा प्रश्न कुठल्या नास्तिकाने प्रथम विचारला असे समजू नका. तिसऱ्या शतकातले ख्रिस्ती पंडित ओरिजेन यांनी तो विचारला आहे. ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवले, त्यांना हा फरक दिसत नव्हता काय? दिसत होता. त्यांना दिनदर्शिका लिहायची नव्हतीच. सूर्य-चंद्राला देव मानणाऱ्या शेजाऱ्यांच्या गराड्यात ते सांगत होते, की हे देव नव्हेत, हे देवाने टांगलेले दिवे आहेत.

हे आपल्या डोंगरातल्या माणसाला शहरी माणसापेक्षा लवकर समजावे. याहामोगी मातेची कथा रात्रभर गायली जाते, तेव्हा कोणी उठून "हे कोणत्या साली झाले?" असे विचारत नाही. आणि म्हणून ती कथा खोटी आहे असेही कोणी म्हणत नाही. कथेकडून काय घ्यायचे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. जमिनीचा सातबारा मात्र आपण वेगळ्या नजरेने वाचतो. तिथे एक आकडा चुकला तर तलाठ्याकडे धाव घेतो.

ख्रिस्तसभेची शिकवण हीच आहे. पोप बारावे पायस यांनी १९४३ साली आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात सांगितले, की लेखकाने काय सांगायचे ठरवले होते ते शोधा, आणि त्यासाठी काव्य, इतिहास, भविष्यवाणी असे लेखनाचे प्रकार ओळखा. संत ऑगस्टीन तर सोळाशे वर्षांपूर्वीच बजावून गेले. ख्रिस्ती माणूस बायबलाचा हवाला देऊन आकाशातल्या ताऱ्यांविषयी काहीतरी चुकीचे बरळला, तर ऐकणारे हसतील, आणि मग तोच माणूस पुनरुत्थानाविषयी बोलेल तेव्हा त्याचे कोण ऐकेल? विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ साली मांडणारे बेल्जियमचे शास्त्रज्ञ जॉर्ज लेमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते, हेही होस्टेलमधल्या मित्रांना जरूर सांगा.

इथवर हा अभ्यासाचा विषय वाटेल. पण आपल्या जिल्ह्यात याच प्रश्नावर माणसांचे जीव अवलंबून आहेत. मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटी विश्वास ठेवणारे सर्प उचलतील असे म्हटले आहे. अमेरिकेत जॉर्ज हेन्सली नावाच्या प्रचारकाने हे अक्षरशः घेतले आणि प्रार्थनासभेत साप हाताळण्याची प्रथा पसरवली. १९५५ साली तो साप चावूनच मेला. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात सर्पदंश होतो. तेव्हा "आधी प्रार्थना, दवाखाना नंतर" असे कोणी म्हणाले, तर त्याचे ऐकू नका. १०८ ला फोन करा, गाडीत बसा आणि प्रार्थना गाडीत करा. सिकलसेलची गोळी "विश्वास आहे म्हणून" बंद करणे हेही तसेच. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय वाचा: वैद्याला मान द्यावा, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले, आणि औषधे देवाने भूमीतूनच उपजवली, असे तिथे सांगितले आहे. हे पुस्तक आपल्या कॅथलिक बायबलात आहे, त्याचा उपयोग करू या. मत्तयच्या चौथ्या अध्यायात तर मंदिराच्या कड्यावर उभे राहून स्तोत्राचे वचन अक्षरशः वापरणारा सैतान आहे, आणि देवाची परीक्षा पाहू नये म्हणून ते नाकारणारा प्रभू येशू आहे.

दुसरी गोष्ट अधिक भयंकर. निर्गमाच्या २२व्या अध्यायात चेटकिणीला जिवंत ठेवू नये असा नियम आहे. युरोपात हे वचन हाती घेऊन कॅथलिकांनी आणि प्रॉटेस्टंटांनीही, इतिहासकारांच्या अंदाजाने, ४० ते ६० हजार माणसे मारली, त्यांत बहुतेक स्त्रिया. फ्रिडरिक श्पे या येशूसंघीय धर्मगुरूने १६३१ साली या छळाविरुद्ध पुस्तक लिहिले, तेही स्वतःचे नाव न घालता. सातपुड्यात आजही डाकीण ठरवून बाईला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते. अशा वेळी हे वचन कोणी तोंडावर आणले, तर ते बायबल वाचणे नव्हे, तो गुन्हा आहे. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठी आहे. सर्पदंशाच्या रोग्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र-तंत्र करणेही त्याच कायद्यात येते. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षे झगडा केला आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ते देव मानत नव्हते. पण डाकीण ठरवलेल्या बाईच्या बाजूने ते उभे होते, हे विसरून कसे चालेल?

नास्तिकांविषयी आपली वागणूक नेहमीच शोभेशी नव्हती. २०१२ च्या मार्चमध्ये मुंबईत इर्ला येथील वेलंकनी मातेच्या चर्चजवळ क्रुसावरील प्रभूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोक ते पाणी भक्तीने घेऊ लागले. सनल एडमरुकू या विवेकवाद्याने पाहणी करून सांगितले, की तुंबलेल्या गटाराचे पाणी भिंतीतून वर चढते आहे. धर्मभावना दुखावल्या म्हणून काही कॅथलिकांनी पोलिसांत तक्रारी केल्या आणि तो गृहस्थ फिनलंडला निघून गेला. माझे स्पष्ट मत आहे की पोलिसांऐवजी प्लंबर बोलवायला हवा होता. लूर्दला तर हजारो बरे झाल्याचे सांगतात. डॉक्टरांची कसून तपासणी होऊन ख्रिस्तसभेने त्यांतले सत्तरच्या आसपासच चमत्कार म्हणून मानले. तपासणीला भिणे ही आपली परंपरा नव्हे. व्हॅटिकन परिषदेनेच म्हटले आहे, की नास्तिकता वाढण्यात श्रद्धावंतांचाही बराच हात असतो: चुकीची शिकवण आणि तिला न शोभणारे जगणे.

आता त्या मुलीचा प्रश्न. ईस्टर ही गोष्ट का? नाही, आणि कारणही तेच. संत पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात कथा सांगत नाही, साक्षीदार मोजतो: पेत्र, मग बारा जण, मग पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक लिहिण्याच्या वेळी जिवंत होते, म्हणजे जाऊन विचारता येत होते. हा साक्षीचा जबाब आहे. तो खरा किंवा खोटा असू शकतो, पण त्याला रूपक म्हणून सोडवता येत नाही. पौल स्वतःच म्हणतो, की ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ. जो प्रकार ओळखून वाचतो त्याला कुठे अक्षरशः वाचायचे हेही कळते. अर्थात, जबाब समोर ठेवला म्हणजे मित्र विश्वास ठेवीलच असे नाही. कदाचित त्याचा प्रश्न सहा दिवसांचा नसेलच, घरात कोणी लहान मूल गेले असेल. तेव्हा त्याला पौल वाचून दाखवू नका, त्याच्याजवळ बसा.

बुधवारी संध्याकाळी जपमाळेनंतर चर्चमध्ये बायबल अभ्यास आहे. उत्पत्ती अध्याय १ व २ वाचून या, दोन्हींतला फरक वहीत लिहून आणा. न मानणारा मित्र असेल तर त्यालाही घेऊन या. चहा आहे.

आपला,
फादर