फ्लायव्हील तडकल्यावर इंजिनची दुरुस्ती



मानवत भागात जायकवाडीच्या डाव्या कालव्याची पाळी लांबली की ऊस विहिरीवरच तगवावा लागतो. अशा वेळी जुन्या ऑइल इंजिनचे फ्लायव्हील तडकले, तर वेल्डिंग मारून पाणी चालू करायची घाई होते. आम्हांस ते साफ नामंजूर आहे. चाक बिडाचे, डागलेल्या जागेशेजारीच ते पुन्हा तडकते. फेरे दुप्पट झाले की चाक फाडणारा जोर चौपट होतो. ६५० फेऱ्यांचे इंजिन गव्हर्नर अडकून १३०० वर गेले, तर तुकडे माणसाच्या अंगावर येतात.

तेव्हा चाक त्याच मॉडेलचे, नवे घ्यावे. पण तेवढ्याने भागत नाही. क्रँकशाफ्ट लेथवर फिरवून पाहा. वाकला असेल तर बदला, तापवून सरळ करू नका. बेअरिंगही तपासा. चावी ढिली असली की आपल्याकडे सर्रास पत्र्याची पाचर ठोकतात! त्यापेक्षा नवी चावी कानशीने घासून खाचेत घट्ट बसवावी. दुसरे चाक टांगून हातोडीने हलके वाजवा. आवाज बद्द आला तर तड्याचा संशय धरा.

गव्हर्नर व डिझेल पंपाचा दांडा अडखळत नाही ना, हे हाताने पाहिल्यावरच इंजिन चालू करावे. त्या वेळी चाकाच्या रेषेत कोणी उभे राहू नये, पोरेबाळे तर नाहीच.