दासोपंतांची पासोडी आणि वर्गातील लेखन-चित्रण

चित्रकलेच्या तासाला शिक्षकाने फळ्यावर आंबा काढावा व सर्व मुलांनी तोच आंबा वहीत उतरवावा, असा परिपाठ पुष्कळ शाळांत रूढ आहे. निबंधाचीही गत फारशी निराळी नाही. अशाने हात वळतो हे खरे. परंतु एखादी कृती पाहून वा ऐकून मुलाने तीतून स्वतःचे काही निर्माण करावे, हा अभ्यास राहून जातो. या अभ्यासाचा एक थोर नमुना बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईस आहे.

संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी सातशे श्लोकांच्या गीतेवर ‘गीतार्णव’ ही टीका रचली. तिची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. तथापि प्राथमिक शिक्षकास अधिक उपयोगी पडेल ती त्यांची पासोडी. ‘पंचीकरण’ हा वेदान्तातील विषय त्यांनी सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर लिहिला आणि अक्षरांच्या जोडीस आकृत्याही काढल्या. विषय पूर्वापार चालत आलेला. त्यास ओवी, रेषा आणि कापड यांचे नवे रूप दासोपंतांनी दिले.

पाठाचा आरंभ मोजमापाने करावा. ४० फूट दोरी पटांगणात ताणून मुलांना तिच्या कडेने चालावयास सांगावे. एवढे लेखन वाचावयाचे तर वाचकास चालावे लागेल, हे मुलांच्या आपोआप ध्यानी येते. नंतर पंचीकरणाचे गणित खडूने काढून दाखवावे : प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग त्याचा स्वतःचा, व उरलेल्या अर्ध्यात इतर चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश. म्हणजे पृथ्वीत अर्धी पृथ्वी, आणि आप, तेज, वायू, आकाश हे एकेक अष्टमांश. चौथीच्या मुलास एवढा अपूर्णांक समजतो. याहून खोल तत्त्वज्ञानात शिरू नये.

आता मुलांस विचारावे, ‘ज्वारीच्या भाकरीत काय काय मिसळले आहे?’ कोणी पाऊस म्हणेल, कोणी बैल, कोणी आईचे हात. अर्धा भाग कशाला द्यावयाचा व अष्टमांश कोणाकोणास, हे प्रत्येकाने स्वतः ठरवून वर्तुळात चित्र काढावे आणि भोवती चार ओळी लिहाव्यात. कोणाच्या वर्तुळात पाचाऐवजी सात भाग झाले तर ते पुसू नयेत. भागांची बेरीज एक येते की नाही एवढेच तपासावयास लावावे. शुद्धलेखनाच्या चुका कच्च्या कागदावर दुरुस्त कराव्यात, कापडावर लाल शाई कदापि फिरवू नये.

कापडासाठी जुने धोतर चालते. त्यास तांदळाच्या पेजेची खळ देऊन उन्हात वाळविले असता शाई पसरत नाही. रंगास गेरू, काजळ, हळद पुरेत. हळदीत थोडा चुना शिक्षकाने स्वतः मिसळल्यास तांबडा रंग मिळतो व मुलांना त्याचे मोठे नवल वाटते.

हे काम दसऱ्यापूर्वी सुरू करावे, त्यास कारण आहे. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि त्यांच्याबरोबर वर्गातील काही मुलेही गावाबाहेर पडतात. कापडावर प्रत्येक मुलाची जागा आधीच आखून तेथे त्याचे नाव लिहावे. जाणाऱ्याने आपले वर्तुळ तेवढे काढून जावे. त्याची जागा दुसऱ्या कोणास देऊ नये, मग कापड भिंतीवर कितीही अपुरे दिसो. हंगाम संपवून ते मूल परत आले म्हणजे प्रथम त्यास मित्रांची वर्तुळे वाचू द्यावीत, व नंतर विचारावे, ‘साखरेत काय काय मिसळले आहे?’ कोयता, मोळी, बैलगाडी, पहाटेची थंडी यांचे भाग वर्गात त्याच्याइतके नेमके कोणास पाडता येणार?