गाडीचे नाक

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण पुढे मोटार मेकॅनिक होतील. काही जण गाडी चालवतील. बाकीच्यांच्या नाकात गाड्यांचा धूर तर जाणारच! म्हणून हा पाठ तुम्हां सर्वांसाठी आहे.

१ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळते आणि विषारी वायू वाढतात. पेट्रोल कमी पडले तर गाडी ओढत नाही. हे प्रमाण नीट राहावे म्हणून धुराच्या नळीत एक लहानसा भाग बसवलेला असतो. त्याला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात. त्याला गाडीचे नाक म्हणायला हरकत नाही. धुरात ऑक्सिजन किती उरला आहे, हे तो गाडीतील संगणकाला कळवतो. त्याप्रमाणे संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो.

जर्मनीच्या बॉश कंपनीने बनवलेला हा सेन्सर १९७६ मध्ये स्वीडनच्या व्होल्वो गाडीत प्रथम वापरला गेला. शिसे मिसळलेले पेट्रोल त्याला चालत नाही; शिशामुळे तो निकामी होतो. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत आणि २००० मध्ये देशभर बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले.

आता समजा, तुम्ही मेकॅनिक आहात. एक टॅक्सीचालक तुमच्याकडे आला व म्हणाला, "उस्ताद, इंजिनचा पिवळा दिवा लागला आहे. पेट्रोलही फार लागते. सेन्सर खराब झाला असेल, बदलून टाका."

तुम्ही काय कराल? लगेच नवा सेन्सर बसवाल? थांबा! दिवा लागणे हे फक्त लक्षण आहे. ताप आला की डॉक्टर आधी तपासतात, मग औषध देतात. तुम्हीही तसेच करा.

प्रथम स्कॅनर लावून संगणकाने कोणता दोष नोंदवला आहे ते पाहा. समजा, 'हवा जास्त, पेट्रोल कमी' असा दोष आला. मग सेन्सरच्या आधीची धुराची नळी तपासा. तिला चीर असेल तर बाहेरची हवा आत येते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो. संगणक फसतो आणि पेट्रोल वाढवतो. इथे नाक खरे तेच सांगत आहे. दोष नळीचा आहे. नवा सेन्सर बसवला तरी दिवा पुन्हा लागेल आणि त्या गरीब माणसाचे पैसे वाया जातील.

नळी चांगली असेल तर फ्यूज, वायर व जोड पाहा. नंतर सेन्सरची परीक्षा घ्या. सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापल्यावरच काम करतो, म्हणून इंजिन चांगले गरम होऊ द्या. पेट्रोल जास्त झाले की साधा सेन्सर सुमारे ०.९ व्होल्ट दाखवतो. हवा जास्त झाली की सुमारे ०.१ व्होल्ट. चांगल्या सेन्सरचा आकडा सतत वर-खाली होत राहतो. ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर तो लगेच वर जातो. आकडा एका जागी अडकला किंवा फार सावकाश हलला, तर सेन्सरवर संशय घ्यावा. मात्र काही गाड्यांत वेगळ्या प्रकारचे सेन्सर असतात. त्यांचे आकडेही वेगळे असतात. म्हणून गाडीचे माहितीपुस्तक अवश्य पाहा.

सेन्सर खरोखर खराब असेल तर तो बदला. इंजिन बंद करा. नळी थंड होऊ द्या, नाहीतर हात भाजेल. वायरचा जोड सोडवा. गंजलेल्या आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारा आणि योग्य मापाच्या पान्याने सेन्सर हळूहळू काढा. त्याचे टोक पाहा. ते काजळीने काळे झाले असेल तर पेट्रोल जास्त का जाते, हेही शोधा. नाहीतर नवा सेन्सरही काळा होईल. नव्या सेन्सरच्या टोकाला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका. तो आधी हाताने फिरवून बसवा, मग पान्याने आवळा. वायर गरम नळीला चिकटू देऊ नका. शेवटी नोंदवलेला दोष पुसा आणि गाडी चालवून पाहा.

मित्रांनो, भाग बदलणे पान्याचे काम आहे. दोष शोधणे बुद्धीचे काम आहे. आणि दोष नसलेल्या भागाचे पैसे न घेणे, हे इमानदारीचे काम आहे. गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याच दारी येते, ते या तिन्हींमुळे.

शब्दार्थ
निकामी – उपयोग नसलेला
लक्षण – खूण
चीर – फट
काजळी – धुराचा काळा थर
गिऱ्हाईक – ग्राहक

स्वाध्याय
१. ऑक्सिजन सेन्सरला 'गाडीचे नाक' का म्हटले आहे?
२. नळीला चीर पडली तर संगणक कसा फसतो?
३. कारण लिहा : सेन्सर तपासण्यापूर्वी इंजिन गरम करावे.
४. 'आधी तपासणी, मग उपाय' याचे तुमच्या अनुभवातील एक उदाहरण पाच ओळींत लिहा.