लांब तारेचा हिशेब



शाळेच्या सभागृहाकरिता असो की घरच्या खोलीकरिता, प्रोजेक्टर घेताना आपण त्याच्या प्रकाशाची, पडद्याच्या लांबीरुंदीची व किंमतीची चौकशी करतो. परंतु चित्र आणि ध्वनी ज्या तारांतून वाहत जावयाचे, त्यांचा विचार मात्र शेवटच्या दिवशी होतो. ही चूक माझ्या हातून घडली आहे. तिची हकीकत प्रथम सांगून मग तीतून निघणारा पाठ मांडावा, असे योजिले आहे.

एका स्नेहसंमेलनात नववीच्या मुलांनी आपापल्या पाड्यांवर जाऊन केलेले तारपानृत्याचे चित्रीकरण दाखवावयाचे होते. ते पाहण्यास तलासरी, उधवा, कासा ह्या बाजूंचे पालक मुद्दाम आले होते. चित्रात तारपा वाजविणारे एका मुलाचे आजोबाही पहिल्या रांगेत बसले होते. संगणक व्यासपीठापाशी आणि प्रोजेक्टर तुळईला टांगलेला. मी दोहोंतील अंतर जमिनीवरून मोजले, ते ११ मीटर भरले. पण तार भिंतीवरून वर चढून, तुळईच्या कडेने फिरून खाली उतरली, तेव्हा तिला १९ मीटर लागले. म्हणून १५ मीटरच्या एचडीएमआय केबलला ५ मीटरची दुसरी जोडली. ऐन वेळी पडद्यावर क्षणभर चित्र उमटे, त्यात पांढरे ठिपके चमकत, आणि पुन्हा अंधार होई. पालकांना शेवटची बस गाठावयाची असल्यामुळे कार्यक्रम आटोपता घ्यावा लागला. आजोबा काही बोलले नाहीत; नातवाचा हात धरून निघून गेले.

त्या रात्री सभागृह रिकामे झाल्यावर मी एक प्रयोग केला. संगणकावरील चित्राचा सूक्ष्मपणा एकेक पायरीने कमी करीत गेलो. चार-के ह्या पायरीवर पडदा काळाच राहिला. १०८० वर चित्र थरथरले. ७२० वर ते स्थिर उभे राहिले. तार तीच, लांबी तीच; मग फरक कशाचा पडला?

ह्या केबलमधून चित्र चित्ररूपाने जात नसून एक व शून्य अशा खुणांच्या रूपाने जाते. सेकंदास ६० चित्रे धरल्यास १०८० च्या पायरीला दर सेकंदास सुमारे साडेचार अब्ज खुणा पाठवाव्या लागतात. चार-के करिता हा आकडा सुमारे १८ अब्जांवर जातो. खुणा जितक्या त्वरेने बदलतात, तितका विद्युत्प्रवाह तांब्याच्या केवळ पृष्ठभागावरून वाहू लागतो, आणि भोवतालचे आवरणही त्याची काही शक्ती शोषून घेते. परिणामी लांबीबरोबर खूण क्षीण व पसरट होत जाते. एक कोठे संपला आणि शून्य कोठे सुरू झाले, हे पलीकडच्या यंत्रास उमगेनासे होते. मधला प्रत्येक सांधा ह्या अडचणीत भर घालतो. मात्र जोवर खुणा ओळखू येतात, तोवर चित्र तंतोतंत असते. म्हणून महाग केबलने रंग अधिक खुलतात हा समज निराधार होय. तिच्या टोकांवरील सोन्याचा मुलामाही चित्र सुधारीत नाही. तो गंज मात्र टाळतो, आणि आपल्या समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तेवढाच त्याचा उपयोग.

लांब तारेने मनुष्यास फसविल्याचे हे पहिलेच उदाहरण नव्हे. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तारायंत्राची केबल टाकण्यात आली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचविण्यास तिला सुमारे १६ तास लागले. खुणा फार पसरतात असे पाहून व्हाइटहाउस नामक अधिकाऱ्याने सुमारे २००० व्होल्टचा जोर लावला, आणि आधीच सदोष असलेली ती केबल काही आठवड्यांतच निकामी झाली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेले शास्त्रज्ञ, ह्यांनी मात्र आधीच दाखवून दिले होते की, अशा तारेतील विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यांचा उपाय जोर लावण्याचा नव्हता. जाड तांबे, उत्तम आवरण आणि अतिसूक्ष्म खूण टिपणारे यंत्र, हा होता. हे ज्ञान पदरी आल्यावरच १८७० साली ग्रेट ईस्टर्न जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत केबल टाकली. सागरातील केबल आणि सभागृहातील केबल ह्यांचे गणित अगदी एक नव्हे; परंतु लांबी वाढली की केवळ तार वाढवून भागत नाही, तारेची जातच बदलावी लागते, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

आता निवड कशी करावी ते पाहू. पाच मीटरपर्यंत १८ अब्ज खुणांसाठी प्रमाणित केलेली साधी तांब्याची केबल पुरते; बहुतेक घरांचे काम एवढ्यातच होते. पाच ते दहा मीटरपर्यंत १०८० करिता जाड तारेची केबल सहसा चालते. चार-के करिता तिचा भरवसा धरू नये. त्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग प्रकाशतंतूच्या केबलचा. तीत खुणा प्रकाशरूपाने जातात. मात्र तिला दिशा असते. सोर्स असे लिहिलेले टोक संगणकाकडे व डिस्प्ले असे लिहिलेले टोक प्रोजेक्टरकडेच लावावे, आणि तिला काटकोनात मुरडू नये. दुसरा मार्ग कॅट-सिक्स तारेचा. तिच्या दोन्ही टोकांस योग्य प्रेषक व ग्राहक पेट्या बसविल्यास चित्र १०० मीटरपर्यंत जाऊ शकते. ही तार शुद्ध तांब्याची पाहून घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा लेप दिलेली नसावी.

ध्वनीचा हिशेब निराळा व सोपा आहे. तो दहावीचा कोणीही विद्यार्थी करू शकेल. एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर जाड तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०·०१७२ ओहम असतो. स्पीकर २० मीटर दूर असला तर प्रवाहाचा जाऊन-येऊन प्रवास ४० मीटरांचा होतो. १ चौरस मि.मी. तारेचा रोध ०·६९, १·५ चा ०·४६ आणि २·५ चा ०·२८ ओहम येतो. ८ ओहमच्या स्पीकरला तारेचा रोध त्याच्या शेकडा ५, म्हणजे ०·४० ओहमच्या आत असावा, असा संकेत आहे. तेव्हा येथे २·५ चीच तार योग्य. माइकची तार मात्र क्षीण खूण वाहते. म्हणून ती दोन आतील तारा व वरून जाळीचे आवरण अशी संतुलित घ्यावी. नाहीतर विजेची गुणगुण भाषणात मिसळते.

तार बसविण्याबाबत चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या. तारेच्या खऱ्या वाटेवर सुतळी धरून ती मोजावी व वर एक-दोन मीटर धरावे. २३० व्होल्टच्या तारांपासून खुणेच्या तारा दूर ठेवाव्या. ओलांडणे भागच पडल्यास काटकोनात ओलांडाव्या. केबलचे टोक वळणावरून सरकेल इतकी रुंद नळी घालावी व तीत एक दोरी सोडून ठेवावी, म्हणजे उद्या तार बदलणे झाल्यास भिंत फोडावी लागणार नाही. शिवाय उंदरांपासूनही रक्षण होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, केबल भिंतीत घालण्यापूर्वी जमिनीवर पसरून पूर्ण सूक्ष्मपणावर तासभर चालवून पाहावी.

पण ह्या सर्वांहून स्वस्त उपाय मला नंतर एका विद्यार्थ्याने सुचविला. तो म्हणाला, “सर, संगणकच प्रोजेक्टरजवळ नेला तर?” पुढील आठवड्यात आम्ही तेच केले. संगणक तुळईखालच्या मेजावर ठेवला, दोन मीटरची केबल लावली, आणि लांब तार फक्त स्पीकरला दिली. चित्र लख्ख उमटले. जे पालक पुन्हा येऊ शकले, ते आनंदाने पाहून गेले. परंतु भातकापणी संपलेली होती, आणि त्या मुलाचे कुटुंब आजोबांसह वीटभट्टीवर कामास गेले होते. त्यांनी स्वतःस तारपा वाजविताना पाहिले ते मुले परत आल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी.

शाळेतील प्रत्येक वस्तू पालकांच्या घामाच्या पैशातून येते, आणि पालकांचा एक दिवस म्हणजे त्यांची एक दिवसाची मजुरी असते. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अदमास घेणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत मी वर्गात कितीदा तरी शिकविला आहे. तो मला स्वतःला नीट कळण्यास मात्र एकोणीस मीटर तार लागली.