ग्रामशिक्षकाचा ज्ञानकोश

शब्दकोश हा विद्वानांच्या कपाटात शोभणारा ग्रंथ, अशी समजूत पुष्कळदा आढळते. तो शाळकरी मुलाच्याही हाती असावा, ही दृष्टी फ्रान्समध्ये रुजविण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते कोशकार प्येर लारूस मूळचे ग्रामशिक्षक होते.

त्यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८१७ रोजी बर्गंडीतील तूसी या लहानशा गावी झाला. वडील लोहारकाम करीत, आई उतारूंसाठी खाणावळ चालवी. शिष्यवृत्तीच्या आधारे लारूस यांनी व्हर्साय येथे अध्यापनाचे शिक्षण घेतले व ते गावच्याच शाळेत शिक्षक झाले. त्या काळी पाठांतरावरच सारा भर असे. मुलांच्या विचारशक्तीस वाव नसे. ही उणीव त्यांना जाचू लागली. १८४० मध्ये ते पॅरिसला गेले आणि तेथील ग्रंथालये व विनामूल्य व्याख्याने यांतून अनेक वर्षे ज्ञानार्जन करीत राहिले. १८५२ मध्ये ऑग्युस्तँ ब्वाये या माजी शिक्षकाच्या साहाय्याने त्यांनी प्रकाशनसंस्था स्थापन केली. १८५६ मध्ये त्यांचा छोटेखानी शब्दकोश प्रसिद्ध झाला.

शब्दकोश शब्दाचा अर्थ सांगतो, ज्ञानकोश वस्तूची माहिती देतो. लारूस यांनी आपल्या बृहत्कोशात या दोहोंची एकाच वर्णानुक्रमात सांगड घातली. १८६३ च्या अखेरीस त्याचे हप्ते निघू लागले. १८६६ ते १८७६ या काळात १५ खंड पूर्ण झाले. अतिश्रमाने खचलेले लारूस ३ जानेवारी १८७५ रोजी निवर्तले. अखेरचा खंड त्यांना पाहावयास मिळाला नाही.

हा कोश निर्विकार मात्र नव्हता. लारूस कट्टर प्रजासत्ताकवादी होते. 'बोनापार्त' या नोंदीत, हा सेनापती १७९९ च्या सत्तापालटाच्या दिवशीच मरण पावला, असे नमूद आहे! वस्तुतः नेपोलियनचा मृत्यू १८२१ मध्ये झाला. त्या दिवशी प्रजासत्ताकाचा सेवक संपला व हुकूमशहा उरला, हा त्यातील मर्मभेद. हे धाडस त्यांनी केले, तेव्हा फ्रान्सवर नेपोलियनच्याच पुतण्याचे राज्य होते. कोशातील नोंदही डोळसपणे वाचावी लागते, हा धडा यातून मिळतो.

१९०५ मध्ये लारूस यांच्या नावाचा एकखंडी सचित्र कोश निघाला. आजही दरवर्षी त्याची नवी आवृत्ती निघते. फुंकर घालून रानफुलाच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर सोडणारी स्त्री, हे त्या संस्थेचे बोधचिन्ह. त्याचा अर्थ शिक्षकांस सहज उमगेल. शाळेतील कोश कुलपात ठेवण्यासाठी नसतो. मुलाने अडलेला शब्द विचारताच अर्थ न सांगता कोश त्याच्या हाती द्यावा. बीज तेथेच पडते.